उणे चार जिवाणू

कॉलेजने मला जी खोली दिली ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून होती. मोडके स्टँड, कडा उडालेले बीकर आणि एक जुना दोन पारड्यांचा तराजू, एवढी तिथली संपत्ती. विजेवरचे काटे आल्यापासून त्या तराजूला कोणी विचारत नव्हतं. विज्ञानाच्या ज्या मुलांना गणित जड जातं त्यांना मी दुपारी तिथे मदत करावी असं ठरलं आणि प्राचार्यांनी हौसेने दारावर पाटी लावली: ‘गणितात कच्च्या विद्यार्थ्यांसाठी’. समोरच कँटीन. सगळं कॉलेज चहा पीत बघतंय आणि आपण त्या पाटीखालून आत शिरतोय, हे कोणत्या मुलाला आवडेल? सुरुवातीचे कित्येक दिवस मी एकटीच माशा मारत बसले.

मी शनिवार पेठेत वाढलेली. गोड बोलून माणसं जमवणं आमच्या अंगात नाही. मी ती पाटी उतरवली आणि कागदावर लिहून चिकटवलं: ‘ज्यांना गणित आवडते त्यांनी कृपया आत येऊ नये.’ त्यानंतर बसायला बाकं पुरेनात.

सगळीकडे कॉम्प्युटरचं वारं होतं. नुकती पास झालेली मुलं गळ्यात ओळखपत्र अडकवून हिंजवडीच्या कंपनी-बसमध्ये चढताना दिसत आणि त्यांच्याकडे बघून प्रत्येक आईबापाला वाटे, आपलंही पोर तिथेच हवं. जीवशास्त्रही आता कॉम्प्युटरवर शिकायचं म्हणे, म्हणून त्या मुलांनाही गणिताचा एक पेपर लागला होता. ही बिचारी बारावीलाच गणित सोडून सुटकेचा निःश्वास टाकलेली. गणिताने त्यांना पुन्हा गाठलं होतं. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक हीच.

त्यांतली एक मुलगी वाशीमकडची. हॉस्टेलवर राहायची. सूक्ष्मजीवशास्त्रात हिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं, पण पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर राहिला होता. तो तसाच पाठीवर घेऊन ती दुसऱ्या वर्षात आली होती. आता यंदा तो सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाचं दार बंद. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, “सुटला नाही तर सामान बांध अन् घरी ये.” तिला घरी जायचं नव्हतं. तिला प्रयोगशाळेत राहायचं होतं, आणि हे सांगताना तिचे डोळे भरून यायचे.

पहिल्याच दिवशी मी तिला अगदी सोपं गणित घातलं. पाच थेंबांत मिळून वीस जिवाणू आहेत, तर एका थेंबात किती? समीकरण मांडून सोडव. तिने सुबक अक्षरात मांडलं, पाच क बरोबर वीस. मग पाचला उचलून बरोबरच्या चिन्हापलीकडे, विसाच्या खाली नेलं, वाटेत त्याला उण्याचं चिन्ह लावलं आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. क बरोबर उणे चार.

“उणे चार जिवाणू म्हणजे काय गं?” मी विचारलं. “चार जण यायचे बाकी आहेत?”

“उत्तर तसंच आलं, मॅडम.”

“समीकरण राहू दे. पाच थेंबांत वीस, तर एका थेंबात किती?”

“चार,” ती तत्काळ म्हणाली.

“मग?”

“ते डोक्याने झालं ना, मॅडम. हे गणित आहे.”

मी कपाळावर हात मारून घेतला. चिडले ते तिच्यावर नाही. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे आपल्याकडे शाळेत इतकं घोकून घेतात की पोरं ते देवळात शिरताना चप्पल काढावी तसं करतात. का, ते कोणी विचारत नाही. बेरजेत निभावून जातं. गुणाकारातही हिने तेच चालवलं होतं आणि जिवाणू, वजनं, औषधाचे डोस, सगळं बिनदिक्कत उण्यात जात होतं.

मी तो जुना तराजू पुसून टेबलावर घेतला. डाव्या पारड्यात एक बंद बाटली आणि तीन ग्रॅमचं वजन, उजव्यात दहा ग्रॅम. काटा मधोमध. “आता ते तीन तुझ्या पद्धतीने पलीकडे ने.” तिने चिमट्याने वजन उचललं आणि उजव्या पारड्यात ठेवलं. ते पारडं खाडकन खाली आदळलं. मग तिने ते वजन बाजूला काढलं, उजवीकडचे दहा उचलून तिथे सात ठेवले आणि हळूच हात मागे घेतला. काटा पुन्हा मधोमध आला.

“म्हणजे पलीकडे काही जातच नाही?”

“पलीकडे जायला ती काय नदी आहे? दोन्हीकडून सारखंच काढायचं. वाटायचं असेल तर दोन्हीकडे सारखंच वाटायचं.”

ती लाल झाली. हॉस्टेलवर कमावलेली पुणेरी भाषा एका झटक्यात उतरली. “मंग इतके वर्षं आम्हाले कायले सांगतलं, जाते म्हनून?” असा राग मला फार आवडतो. ज्याला राग येतो त्याला गणित येतं, असा माझा अनुभव आहे.

नंतर ती रोज आली. रोज भांडली. चुका करायचीच, पण उत्तराखाली रेघा मारण्याआधी थांबायला शिकली. पेपर झाल्यावर दारात येऊन एवढंच म्हणाली, “एक उत्तर उणे आलं होतं, मॅडम. जिवाणूंचं होतं, म्हणून खोडलं आणि परत केलं.” मला इतका आनंद झाला की मी तिला चक्क कँटीनचा वडा खाऊ घातला.

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात एक धोतरवाले गृहस्थ उभे होते. पायाशी पत्र्याची पेटी, वळकटी, बादली. तिचे वडील. मुलगी नापासच होणार असं धरून त्यांनी सकाळीच खोली रिकामी केली होती आणि एसटीची दोन तिकिटं काढली होती. मला बघून त्यांनी हात जोडले. इतक्यात ती फलकासमोरच्या गर्दीतून बाहेर आली. “बाबा, पास!” ती लांबूनच ओरडली.

“पोट्टी पास झाली म्हन्ते. खरं हाय का जी?”

“खरं आहे,” मी म्हणाले. “आणि स्वतःच्या डोक्याने.”

ते पेटीकडे बघत म्हणाले, “मी दहावीले गणितातच गेलो, मॅडम. मले वाटलं, आमच्या घरान्यातच नाही ते. म्हनून म्हटलं, इले कायले उगा तरास.” मघापासून त्यांना काय सुनावायचं ते मी मनात जुळवत होते, ते सगळं गिळलं.

त्यांनी वळकटी खांद्यावर टाकली आणि चालू लागले.

“बाबा, गेट इकडे आहे,” ती म्हणाली.

“गेटकडे कायले? गाडीले येळ हाय. आधी तुही गादी टाकून येतो.”

तिने पेटी उचलली. बादली मी घेतली.