निवडलेलं काडतूस

आमच्या काकांनी आयुष्यात एकही जनावर मारलं नाही.

आणि काडतुसांबद्दल त्यांच्याइतकं कळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

काल सकाळी काका गेले. जामबागच्या घरी, चहा पिऊन झाल्यावर, खुर्चीतच.

तुमच्यापैकी बरेच जण त्यांना फिजिक्सचे सर म्हणून ओळखता. घरी मात्र ते आजोबांच्या रायफलचे वारस. थर्टी-ओ-सिक्स. लायसन्स रीतसर, रिन्यूअल वेळेवर.

रायफल त्यांच्या हातात आली तोवर शिकारीवर बंदी आली होती. मग काय, रेंजवर जायचं आणि कागदाला भोकं पाडायची.

पण प्रश्न पडायचे थोडेच थांबतात.

एकाच डब्यातली दोन काडतुसं. तीच रायफल, तोच खांदा. शंभर मीटरवर दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी बसतात, तीनशेवर त्यांच्यात वीतभर अंतर पडतं. का?

हा एक "का" काकांना जन्मभर पुरला.

अमेरिकेतले म्हातारे आपापल्या गॅरेजमध्ये काडतुसं भरतात, त्यांचे व्हिडिओ काका तासन्‌तास बघायचे.

"बघ, काय मजा आहे ह्यांची. आपल्याकडे पोळपाट, तसं ह्यांच्याकडे घरोघरी काडतूस भरायचं मशीन. दारू किती, गोळी कोणती, सगळं स्वतःच्या हातानं."

"मग तुम्हीपण भरा ना, काका."

"नक्को. आपल्याला परवानगी नाही. आपण भरायचं नाही, आपण निवडायचं."

निवडायचं म्हणजे अक्षरशः निवडायचं. टेबलाच्या एका टोकाला काकू तांदूळ घेऊन बसायची, दुसऱ्या टोकाला काका विकतची काडतुसं घेऊन. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा. एकेक काडतूस तोलायचं. मग काचेवर हळूच गडगडवायचं आणि टोक डुगडुगतंय का ते वाकून बघायचं. डुगडुगणारी एका वाटीत, शहाणी दुसऱ्या वाटीत.

"एक दिवस माझ्या भातात गोळी निघणार आहे," काकू म्हणायची.

"तुझे खडे माझ्यात येऊ नयेत म्हणजे झालं," काका. मान वर न करता.

मी त्यांचं डोकं खायचे. हलकी गोळी जोरात सुटते, तर लांबच्या नेमाला जड का घ्यायची?

"चल गच्चीवर," म्हणाले. वाऱ्यात आधी कागदाचा बोळा फेकायला लावला, मग बटाटा.

बोळा आमच्याच गच्चीवर परत आला. बटाटा शेजारच्यांच्या टाकीवर. फिजिक्स कळलं, शेजारी महिनाभर बोलले नाहीत.

पण हे सगळं कशासाठी, हे मला ठाऊक होतं. काकांना एकदा, आयुष्यात एकदाच, त्या निवडलेल्या काडतुसानं लांबवरचा नेम साधायचा होता. खरा. कागदावरचा नाही.

आणि ती संधी आली.

विकाराबादच्या बाजूला एका गावात रानडुकरं मका लोळवत होती. गावानं रीतसर परवानगी काढली. लायसन्सवाले नेमबाज म्हणून काकांना बोलावणं आलं. सत्तरीचे काका आदल्या दिवशी लहान मुलासारखे खूश होते. कुकटपल्लीहून गाडी काढून मीच त्यांना घेऊन गेले.

उजाडलं तेव्हा आम्ही बांधावर. मी दुर्बीण घेऊन, शेजारी शेताचा मालक यादय्या. वारा नाही. तीनशे मीटरच्या वर, मक्याच्या कडेला, एक डुक्कर. आडवं, स्वस्थ उभं.

काका पालथे झोपले. निवडलेलं काडतूस आत गेलं.

"डुक्कर एकच आहे ना?" काकांनी विचारलं.

"हौ, एकच."

"त्याच्या मागं काय आहे?"

"तूर."

"तुरीत कोण आहे?"

मी दुर्बिणीतून बघितलं. माणूसभर उंच, दाट तूर. "काही दिसत नाही, काका."

"कोट्टंडि सार," यादय्या कुजबुजला. मारा सर, मारा. "उदर कोई नै रहता."

काका बराच वेळ तसेच पडून होते. मग त्यांनी बोल्ट मागे ओढला आणि काडतूस बाहेर काढून खिशात टाकलं.

डुक्कर निवांत मक्यात शिरलं. यादय्या जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

नंतर आम्ही तुरीत जाऊन बघितलं. कोणी नव्हतं. एक चप्पलसुद्धा नाही.

मला इतका राग आला होता. "बघा, कोणी नव्हतं! जन्मभर ज्याची वाट बघितली ते सोडून दिलंत."

"कोणी नव्हतं हे आत्ता कळलं ना," काका म्हणाले. "तेव्हा ठाऊक नव्हतं."

ते माझ्याबरोबर परत आले नाहीत. आठ दिवस त्या शेतातच राहिले, डुकरं हाकलायला तेलाचा रिकामा डबा घेऊन. फिजिक्सचे सर रात्रभर डबा बडवत होते. काकू फोनवर ओरडत होती. मका निघेपर्यंत हलले नाहीत.

त्या सकाळचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी विचारलंही नाही. इतकं विचारणारी मी, हे मात्र नाही.

काल स्मशानात यादय्या आला होता. मी त्याला ओळखलं नाही, त्यानं मला ओळखलं.

मला वाटलं, आता म्हणेल की सर बरोबर होते.

"मेरे कू अबी बी लगता, सार मारना था," तो म्हणाला. "आधा मका चला गया मेरा."

मग म्हणाला,

"मगर वो आठ दिन मैं घर में आराम से सोया, अम्मा. सार जाग रे थे ना."

काका, आता तुम्ही झोपा.

तुमच्या पुतणीचा भरल्या मनानं नमस्कार.