घरचं माणूस शेवटी

प्रदेश आणि संस्कृती अभ्यास मंडळात तिला सगळे ताई म्हणायचे. खरं तर ती कोणाचीच ताई नव्हती. पण खोलीची किल्ली तिच्याकडे, चहाची किटली तिच्याकडे, प्रोजेक्टर रुसला की त्याला चापट मारायची तीही तिनेच. पीएचडीचं शेवटचं वर्ष. प्रबंध द्यायचा तर मंडळापुढे एक निबंध वाचलाच पाहिजे, हा विभागाचा नियम. आणि बैठक भरवणाऱ्याने सगळ्यांत शेवटी वाचायचं, ही मंडळाची रीत. घरचं माणूस शेवटी जेवतं ना, तसं!

झालं! शेवटी म्हणजे कधीच नाही. पहिल्या वक्त्याने 'प्रदेश' शब्द काढला रे काढला की अध्यक्षमहाराजांचा हात वर. "थांबा. प्रदेश म्हणजे नेमकं काय?" मग फळ्यावर वर्तुळं, वर्तुळांत वर्तुळं, एकमेकांचा गळा धरायचंच काय ते बाकी. तेवढ्यात खोली बंद करायला शिपाईकाका हजर. "पुढच्या वेळी ताई पहिली," महाराज जाहीर करायचे, आणि पुढच्या वेळी ये रे माझ्या मागल्या. हे महाराज म्हणजे तिच्याच बरोबरचा एक पीएचडीवाला. त्याचाही निबंध व्हायचाच होता, पण त्याला कसली घाई? तो थोडीच बैठक भरवत होता!

"झालं का गं वाचून?" आई फोनवर विचारायची.

"नाही."

"मग इतका वेळ करता काय तिथे?"

"माझं कपाळ!"

निबंध होता आत्याच्या गावच्या बाजारात बायका घासाघीस कशी करतात यावर. त्या बायकांचं सगळं तिने टिपलं होतं, फक्त अडून बसणं काही तिला जमलं नव्हतं.

वर्षाची शेवटची बैठक आली. आज वाचलं नाही तर प्रबंध आणखी वर्षभर लटकणार. मार्गदर्शक सर सहीसाठी मुद्दाम आले होते. मंडळी दारापुढे जमली. तिने किल्ली कुलपापर्यंत नेली आणि कोण जाणे काय झालं, परत मुठीत घेतली.

"आधी माझा निबंध. मग दार."

"अगं, पण जरा बसून..."

"बसलात की उठत नाही तुम्ही!"

किटली पायाशी ठेवून, भिंतीला टेकून तिने वाचायला सुरुवात केली. मधेच महाराजांचा हात वर गेला. पण फळा आत होता. हात खाली आला. सरांनी उभ्या उभ्या सगळं ऐकलं आणि भिंतीवरच कागद टेकवून सही केली.

तेवढ्यात महाराज पुढे झाले. "वा, ताई! इतकं छान लिहिलं होतंस, तर आधीच का नाही वाचलंस?"

घ्या! किटली याच्या डोक्यात घालावी, असं वाटलं तिला. घातली नाही. त्याच्या एका हातात ती दिली, दुसऱ्या हातावर किल्ली ठेवली.

"आता घरचं माणूस तू," ती म्हणाली. "तुझा निबंध शेवटी."