नगाऱ्याचा प्रोग्राम

देवळातलं काही बिघडलं की लोक लगेच 'देवाची करणी' म्हणतात. मी त्यातला नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. बिघाड आला की वही काढायची, शक्यता क्रमाने लिहायच्या, एकेक खोडायची. तरी हे लिहितोय...

मसुऱ्याच्या पलीकडे आमची वाडी. ग्रामदेवतेच्या आरतीला नगारा वाजवायचा मान भिकाजीकाकांच्या घराण्याचा. काका पंच्याहत्तरीचे झाले, अलीकडे कधी यायचे, कधी नाही. म्हणून देवस्थान समितीने यंत्र बसवायचं ठरवलं आणि ते मीच बनवलं — मोटर, दोन काठ्या आणि ठोके कधी, किती द्यायचे ते सांगणारं तळहाताएवढं बोर्ड.

आमच्याकडे देवळात साधा दिवा बदलायचा तरी प्रत्येक मानकऱ्याच्या घरी जाऊन विचारायची रीत. सचिव म्हणून ते काम माझं. मी यादी केली, घरं फिरलो. भिकाजीकाकांचं नाव तेवढं घेतलं नाही. सभेत मात्र सांगितलं, "सगळ्यांना विचारलं."

जत्रेआधीचा शनिवार, सकाळी साडेदहा. सभामंडपात बोर्डाला लॅपटॉप जोडला. प्रोग्राम अपलोड होईना. 'बोर्ड प्रतिसाद देत नाही.'

केबल बदलली. पोर्ट बरोबर होता. ड्रायव्हर नव्याने टाकला, मोटरच्या वायरी सोडवल्या, रिसेट दाबून पाहिलं. शेवटी दुसरं कोरं बोर्ड लावलं... तेच. घरी आणलं, तिथेही तेच. मग दिवा लुकलुकवणारा छोटा प्रोग्राम टाकून पाहिला — लगेच गेला. विहिरीच्या पंपाचा जुना, चांगला लांबलचक प्रोग्रामही गेला. नगाऱ्याचा तेवढा जाईना. तो नव्या फाईलमध्ये पहिल्यापासून टाईप केला. तरी नाही.

जेवताना बायको म्हणाली, "वहीची दोन पानां भरली तुमची. भिकाजीकाकांक इचारल्यात, ता खंय लिवलाहा?"

मी आमटी वाढून घेतली.

"म्हणजे इचारूक नाय! अहो, याद्यो करूचो एवढो सोस, आणि नेमको तोच माणूस इसरल्यात?"

विसरलो नव्हतो. तेही तिला सांगितलं नाही.

जेवून तसाच काकांकडे गेलो. ते खळ्यात माडाची चुडतं विणत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. सभेत खोटं बोललो, तेसुद्धा.

"बस आधी," काका म्हणाले. "माका रे कित्याक भियालंस? ह्यो खांदो बघ, वर जाणा नाय. इचारलं असतंस तर मीच 'घाल' म्हटलं असतंय." मग चुडत बाजूला ठेवून उठले. "चल. देवाक सांगूक होया."

देवळात काकांनी नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुझ्या दारात यंत्र बसयल्यान. इचारूचा रवला, ती चूक पोटात घाल. आजपासून माझ्या हातातला काम ह्येच्या हाती देतंय, ता सांभाळून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणायला मी एकटाच होतो.

घरून लॅपटॉप आणि बोर्ड आणून पुन्हा जोडणी केली. तीच केबल, तीच फाईल, तेच बोर्ड. बटण दाबलं. अपलोड झाला. पहिल्याच वेळेला.

यंत्र वाजू लागलं. काका मान वाकडी करून ऐकत राहिले. "बरा वाजता. आणि ह्येका पानतंबाखूय लागना नाय!" स्वतःच हसले.

नंतर दोन्ही बोर्डं पुसून तोच प्रोग्राम मी कितीदा तरी टाकून पाहिला. दर वेळी जातो. सोबतच्या शिक्षकांना फाईल दाखवली, कुणाला चूक सापडली नाही. वहीतल्या सगळ्या शक्यता खोडून झाल्यात. त्या शनिवारी काय झालं, मला सांगता येत नाही.

काकांचं नाव का गाळलं ते मात्र सांगता येतं. ते 'नाही' म्हणतील आणि मी बनवलेलं यंत्र पडून राहील, म्हणून. आणि ते तर 'हो' म्हणणार होते...

जत्रेला नगारा तुम्हीच वाजवा, असं मी विनवलं. "देवाक सांगून सोडलंय, आता परत कसो घेव?" म्हणाले.

काका आता रोज आरतीला येतात, खांबाला टेकून उभे राहतात. नगारा सुरू झाला की उपरण्याखाली त्यांची बोटं हलतात. मी देवाकडे बघत राहतो.