शकूरभाईंच्या फाइलीचं कुलूप

जानेफळच्या शकूरभाईंना सगळं जमायचं, फक्त ‘नाही’ म्हणणं जमत नसे. बियाण्याच्या दुकानदाराला हा आजार म्हणजे हलवायाला माश्यांचा लळा! बीटी कपाशीच्या बियाण्याची टंचाई पडली त्या साली जो तो मागच्या दाराने यायचा, कानाशी लागायचा आणि भाई त्याचं नाव कंप्यूटरात घुसवायचे. नावाशिवाय बिल निघत नसे.

शेवटी पुतण्या आसिफने इलाज केला. गडी मेहकरला प्रोग्रॅमिंग शिकून आलेला. सी भाषेच्या लायब्ररीतलं एक फंक्शन वापरून त्याने नावांच्या डेटाबेस फाइलला लेखनबंदी करून टाकली.

“चाचा, आता फाईल वाचता येईन, तिच्यात लिवता नाही येनार.”

भाई हरखले. सुलतानपूरचा व्याही आला, त्यालाही म्हणाले, “मी तं देतो हो, हा डब्बाच ऐकून नाही राह्यला!” गावातली भिमाबाई तर लेकीच्या शेतासाठी बियाणं हवं म्हणून दारातच ठाण मांडून बसली. फळीवर दोनच पिशव्या उरल्या होत्या, त्यांवर तिचा डोळा.

तेवढ्यात भाईंच्या बेगम फातिमाबी आल्या. “माह्या वावराच्या पिशव्या द्या.”

भाईंचा चेहरा उतरला. पंगतीत घरधनी शेवटी बसतो, त्या रीतीने बायकोचं नाव त्यांनी मागे ठेवलेलं. कुलूप आधी लागलं, नाव राहूनच गेलं!

“आसिफ, उघडते काय बे?” भाई कुजबुजले.

“हाव. ते फंक्शन उलटं चालवलं का झालं.”

“उलटं चालते?” दारातून भिमाबाई कडाडली. “मंग मले काऊन खोटं सांगितलं, शकूरभाऊ? आधी माह्या लेकीचं लिवा!”

मागची गर्दी पुढे सरकली. भाईंनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा बेगमकडे, डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाले, “नाही. कोनाचंच नाही.”

पहिला नकार, तोही घरच्याच माणसाला! गावाने त्यावर आठवडाभर चहा प्यायला. दोन्ही पिशव्या कंपनीला परत गेल्या, फातिमाबींच्या वावरात कपाशीऐवजी ज्वारी पेरली गेली.

त्या सांजेला भाई जेवायला बसले. ताटात गरम भाकरी, वांग्याची भाजी. हात पुढे केला तर फातिमाबींनी ताट मागे ओढलं.

“हात नाही लावाचा. लेखनबंदी हाय. वाचा फक्त!”