डल्सीबाईंची टाळू

डल्सी ट्रेलोर गेली सव्वीस वर्षं कराबिला गावच्या वार्षिक शेतकी प्रदर्शनात, म्हणजे शोमध्ये, केकच्या परीक्षक होत्या, आणि एवढ्या काळात गावातली जेवढी माणसं त्यांच्यावर रुसली तेवढी दुष्काळावरही रुसली नसतील. मेंढ्या, लोकर, गव्हाच्या ओंब्या, विणलेले मोजे, सगळ्यांचे परीक्षक बाहेरगावाहून यायचे. गावातल्याने गावातल्याला नापास केलं की संबंध बिघडतात ना! केकला मात्र डल्सीबाई. त्यांचे संबंध आधीच बिघडलेले होते.

त्यांची एक रीत होती. केकच्या मधला नखाएवढा तुकडा जिभेवर घ्यायचा, जिभेने टाळूला दाबायचा आणि डोळे मिटायचे. चावायचं नाही. पीठ कच्चं, लोणी शिळं, बेदाणे गेल्या वर्षीचे, सगळं टाळू सांगायची. एकदा त्यांनी एका केकखाली चिठ्ठी लिहिली होती, 'बाई चांगली, केक घाईचा.' ती बाई म्हणजे पाद्रीसाहेबांची बायको, आणि दर रविवारी डल्सीबाई तिच्याच शेजारी प्रार्थनेला बसायच्या. चव देवाने दिलेली आहे, तिच्याबाबतीत खोटं बोलायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

या हिवाळ्यात, म्हणजे इकडे जून महिन्यात, त्यांच्या वरच्या हिरड्यांनी दगा दिला. उरलेसुरले दात हलायला लागले आणि एकेक करून काढावे लागले. खालची ओळ शाबूत, वरचा मजला रिकामा. आणि शो ऑक्टोबरात.

ऑगस्टमध्ये त्या शेजारच्या गावातल्या डॉक्टर ट्रानकडे गेल्या. पोरसवदा, पण हात हलका.

"ब्रिज बसेल का हो?" त्यांनी विचारलं.

"पूल बांधायला दोन्ही काठांवर खांब लागतात, मिसेस ट्रेलोर. तुमच्याकडे नुसतीच नदी आहे."

"मग?"

"हाडात चार स्क्रू बसवायचे, ते धरेपर्यंत पाच-सहा महिने थांबायचं, मग त्यावर पक्के दात. टाळू मोकळी राहते."

"आणि शो?"

"कुठला शो?"

डॉक्टर शहरातून नुकतेच आले होते, म्हणून डल्सीबाईंनी त्यांना माफ केलं.

"नाहीतर कवळी," डॉक्टर म्हणाले. "महिन्याभरात मिळेल. पण वरची कवळी टाळू झाकून बसते, त्याशिवाय ती टिकत नाही. चवीत थोडा फरक पडतो. होते सवय."

"आणि काहीच नाही बसवलं तर?"

डॉक्टर हसले. "असं कुणी विचारत नाही."

रविवारी प्रार्थनेनंतरच्या चहाला हा विषय निघाला, म्हणजे डल्सीबाई सोडून सगळ्यांनी काढला. कराबिलात सल्ला द्यायला काही पात्रता लागत नाही, पण इथे तर एकजात सगळे पात्र निघाले. शोचे अध्यक्ष क्लाइव्ह यांनी आपली कवळी तोंडातून काढून चहाच्या स्कोन-पावांच्या ताटाशेजारी धरली.

"ही बघ! एकवीस वर्षं झाली. मध्ये एकदा कुत्र्याने पळवली, धुतली, पुन्हा घातली."

"कुणी धुतली, कुत्र्याने?" डल्सीबाईंनी विचारलं.

नोलीन मॅकक्रॉसन तिथेच उभी होती. तिचे दात सगळेच्या सगळे स्क्रूवाले, फ्रिजसारखे पांढरे, आणि ती बोलली की फ्रिजचं दार उघडल्यासारखंच वाटायचं. बेदाण्यांच्या केकात नोलीन गेली अकरा वर्षं दुसरी येत होती.

"डल्सी, अगं आता आराम कर. बिनदातांचा परीक्षक म्हणजे बिनशिट्टीचा रेफरी."

"मी चावत नाही, नोलीन. अजून तरी."

ॲडलेडहून लेकीचा फोन आला. "आई, बालीला जाऊ या. स्क्रू पण होतील, सुट्टी पण होईल."

"हाडाला भोकं पाडायला समुद्रावर कशाला जाऊ मी? इथे गॅरेज आहे की."

शेवटी त्यांनी कवळी घेतली, कारण वेळ तेवढाच होता. आरशात फार छान दिसली. बाई दहा वर्षांनी तरुण झाली, असं दुकानदार म्हणाला. घरी येऊन त्यांनी दोन केक भाजले, एक लोण्याचा, एक मार्जरीनचा. दोन्ही खाल्ले. शेजारणीने केक खावा आणि चव आपल्याला फोनवर सांगावी, तसं लागलं. कुठला लोण्याचा ते ओळखताच येईना. दहा दिवसांनी पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. तेव्हापासून कवळी पेल्यातच राहू लागली. संध्याकाळी त्या प्रार्थनेला बसल्या आणि म्हणाल्या, "देवा, लोकांसमोर दात दाखवू की तुझ्यासमोर खरं बोलू, ते तूच सांग." देवाने नेहमीप्रमाणे घाई केली नाही.

घाई शोच्या समितीने केली, आणि समितीत नोलीनही होती. शोच्या आदल्या आठवड्यात नोलीनने ठराव मांडला, 'परीक्षकाकडे पूर्ण दात असणे बंधनकारक राहील.' नऊ हात वर झाले. त्यातल्या चौघांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. दात नसले तर परीक्षण नोलीन सुचवेल त्या बाईकडे जाणार होतं, आणि ती बाई नोलीनची मावसबहीण होती.

शोच्या दिवशी सकाळी पत्र्याच्या हॉलचं दार बंद झालं. टेबलावर केक मांडलेले, समोर नावं नाहीत, नुसते नंबर. क्लाइव्ह ठरावाचा कागद घेऊन हजर.

"डल्सी, नियम आहे. दात?"

"आहेत की." डल्सीबाईंनी कवळी काढली आणि बशीत ठेवली, पाच नंबरच्या लॅमिंग्टन केकला खेटून. "हे घ्या. पूर्ण. मोजून बघा."

क्लाइव्ह यांनी कागद दोनदा वाचला. "इथे 'तोंडात' असं लिहिलेलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

डल्सीबाई पाणी प्यायल्या आणि डोळे मिटून कामाला लागल्या. नखाएवढा तुकडा, जीभ, टाळू. सगळं जागच्या जागी होतं. हे शिळं, ते कच्चं, यात सोडा जास्त. एका केकचे बेदाणे चहात भिजवलेले, लोणी ताजं, मधोमध मऊ. त्या जरा थांबल्या. पुन्हा तुकडा घेतला. मग पहिल्या बक्षिसाची निळी फीत उचलून त्या नंबरावर ठेवली.

दार उघडायच्या आधीच बशीची बातमी बाहेर पोचली होती. नोलीन हरकतीचा अर्ज भरूनच आत शिरली.

"क्लाइव्ह, हे चालणार नाही! दात बशीत आणि परीक्षण तोंडात? सगळे निकाल रद्द करा! सगळे!"

"सगळे?" क्लाइव्ह यांनी विचारलं.

"एकूण एक!"

"बरं. बेदाण्याच्या केकापासून सुरू करतो." त्यांनी नंबराचं कार्ड उलटलं. मागे नाव होतं. नोलीनचंच.

नोलीनने फितीकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं. हॉलमध्ये निम्मं गाव उभं होतं. अर्जाची घडी झाली, घडीची घडी झाली आणि ती पर्समध्ये गेली.

"मी म्हणतच होते," नोलीन म्हणाली, "अनुभवाला तोड नाही."

"बेदाणे चहात भिजवलेस," डल्सीबाई बोबड्या उच्चारात म्हणाल्या. "हे दहा वर्षांपूर्वीच करायचं होतंस."

"फोटो!" वर्तमानपत्रवाला ओरडला. "परीक्षक आणि विजेत्या, शेजारी शेजारी!"

नोलीन बशीकडे बघत कुजबुजली, "अगं, फोटोपुरते तरी घाल ना."

"का? नियमात आहे?"

नोलीन फीत छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून, फोटोला उभी राहिली. डल्सीबाई शेजारी मोकळेपणाने हसल्या.