माठातला आवाज

आर्णीचा तो रेडिओवाला आमच्या घरी एकदाच आला. रेडिओचे पाच बिघाड मी कागदावर क्रमाने लिहून ठेवले होते. त्याने यादी वाचली, घडी करून खिशात घातली आणि माझ्या बायकोला विचारलं, "भाभी, तुमाले चुलीपाशी आयकू येते का?"

"कुठचं जी! नुसती खरखर," ती म्हणाली. मला हे कधी बोलली नव्हती.

त्याने स्वयंपाकघरात वायर नेली आणि जुना स्पीकर रिकाम्या माठाच्या तोंडावर बसवला. आवाज घुमला. ती गाण्याबरोबर गुणगुणू लागली.

"साहेब, भाभीचा सूर पक्का हाय," तो मला म्हणाला.

अठरा वर्षांच्या संसारात मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. पुढे रेडिओ बिघडला, तेव्हा मी यवतमाळहून दुसरा माणूस बोलावला.