दोन्ही काठ एका चौकटीत

बोटांना आधी कळला तो धातूचा गारवा. श्रावण सरत आला होता, पांढुर्ण्यातल्या आमच्या घराच्या खिडकीतून ओल्या मातीचा आणि शेजारच्या गोठ्यातल्या कडब्याचा वास येत होता, आणि तळहातावर ही लेन्स होती. मुठीत मावेल एवढी, पण आकाराच्या मानाने जड. तिची रिंग फिरवावी तर ती घाई न करता, किंचित ओढ धरून फिरे, आणि अंतराचे कोरलेले आकडे बोटाखालून एकेक करून सरकत. हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यात सगळं आपोआप होतं, फोकस कुठे धरायचा हेही यंत्रच ठरवतं. इथे मदतीला कुणी नव्हतं. किती दिवसांनी एखाद्या वस्तूने माझ्या हातावर विश्वास टाकला होता! मी खुळ्यासारखा तिची रिंग नुसतीच फिरवत बसलो.

तुम्ही सौंसरहून विचारलं होतंत, ही स्वस्तातली वाइड लेन्स घ्यावी का, संत्र्याच्या बागेचे फोटो काढायला ती बरी पडेल का. उत्तराला उशीर झाला खरा, पण तो लेन्सच्या दोषामुळे नव्हे. दोष तिच्यात आहेत, तेही सांगून टाकतो. कोपरे मऊ येतात, सूर्य समोर असला की चौकटीत जांभळे डाग उमटतात, आणि कडेला उभा माणूस पिठाच्या गोळ्यासारखा ताणला जातो. तुमच्याच बागेत मी ती पहिल्यांदा लावली तेव्हा एक फांदी पार लांब वाटली म्हणून दोन पावलं पुढे सरकलो, तर हिरवं संत्रं थेट काचेवर आदळलं. तुम्ही केवढे हसला होतात. ही लेन्स सगळं पोटात घेते, आणि घेताना प्रत्येक गोष्टीला दूर लोटते.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघराचा फोटो काढला. पाण्याच्या माठापासून मागच्या दारापर्यंत सारं लख्ख, कणन्‌कण स्वच्छ. वनिता, माझी बायको, तो पाहून म्हणाली, "आपलं सैपाकघर एवढं मोठं कधी झालं हो?" एकच गोष्ट त्यात धूसर होती, तिने माझ्यापुढे धरलेला चहाचा कप. या लेन्सचा स्वभावच तसा. रिंग एकदा बेताच्या जागी ठेवली की दोन हातांपलीकडचं अवघं जग आपोआप स्पष्ट होतं. अस्पष्ट राहतं ते फक्त अगदी हाताशी असलेलं. मी भूगोलाचा मास्तर, अंतरं शिकवून पोट भरणारा माणूस. मला त्यात नुसती गंमत वाटली.

आणि मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याचा दुसरा दिवस कसला, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलं जातं, त्यावर झेंडा लागतो, आणि मग तो मिळवण्यासाठी या काठाचं पांढुर्णा आणि त्या काठाचं सावरगाव दिवसभर एकमेकांवर दगड भिरकावतात, हीच आमची गोटमार. एरवी वर्षभर एकमेकांत सोयरिकी करणारी ही दोन गावं! माझी सासुरवाडी सावरगावचीच. म्हणजे गोटमारीच्या दिवशी वनिताचं माहेर समोरच्या काठावर असतं आणि संसार या काठावर, आणि कुठल्याही बाजूचा दगड तिला लागतोच. यंदा तिचा धाकटा भाऊ प्रकाश पहिल्यांदाच नदीत उतरणार होता. सकाळी मी कॅमेरा गळ्यात अडकवला तेव्हा एवढंच म्हणाली, "जाऊनच राहिले तर माह्या भावावर नजर ठेवजा."

मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. पण डोक्यात दुसरंच घोळत होतं. दोन्ही काठ एका चौकटीत आणण्याएवढी रुंद नजर माझ्याकडे आजवर नव्हती, आता होती. एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर बायाबापड्यांबरोबर वनिताला बसवलं आणि मी तिथूनच सुरुवात केली. पण गच्चीवरून माणसं मोहरीच्या दाण्याएवढी दिसत. वाइड लेन्सला जवळ जावं लागतं. म्हणून मी जिना उतरलो, गल्ली ओलांडली, काठाच्या उतारावर आलो, आणि तिथूनही सगळं लांब वाटलं म्हणून आणखी पुढे.

व्ह्यूफाइंडरमध्ये काय शांतता होती म्हणून सांगू! वर ढगांनी भरलेलं आभाळ, खाली गढूळ पाण्याची वळणदार रेघ, मध्ये पळस आणि दोन्ही बाजूंना मुंग्यांसारखी माणसं. दगड तर दिसतही नव्हते. कानावर मात्र त्यांचा आवाज येत होता, दगडावर दगड आपटल्याचा कोरडा टणत्कार, आणि मधूनच एक वेगळा, मऊ, नकोसा आवाज. एक दगड माझ्या चपलेशी येऊन पडला, तरी डोळा म्हणत होता की ते सारं दूर आहे. मी प्रकाशला शोधत होतो. निळा शर्ट एवढीच खूण, आणि निळे ठिपके अनेक. त्यातला माझा मेहुणा कुठला?

मी शटर दाबलं तेवढ्यात चौकटीच्या डाव्या कडेला काहीतरी धूसर शिरलं. लांबट, ताणलेलं, पिवळसर. कुणीतरी आडवं आलं म्हणून मी चिडलोच. काच पुसली, तरी ते हलेना. आणि मग एकदम उमजलं. या लेन्समध्ये धूसर काय दिसतं, हे मलाच तर ठाऊक होतं. कॅमेरा खाली घेतला. हाताच्या अंतरावर वनिता उभी होती, पिवळ्या लुगड्यात, अनवाणी, दगडांच्या माऱ्यात. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती नुसत्या डोळ्यांनी पलीकडे पाहत होती, आणि तिला तो केव्हाचाच सापडला होता. "काहाचे फोटू काढून राहिले तुम्ही? तो पाहा ना, लंगडून राहिला."

चालीवरून ओळखलं तिने. ती बोट दाखवत असतानाच तो निळा ठिपका खाली बसला, मग आडवा झाला, आणि चार जणांनी त्याला उचलून गर्दीत नेलं. मी तिला ओढतच भिंतीच्या आडोशाला आणलं. पोलीस पुलावरून कुणाला जाऊ देत नव्हते. तिच्या माहेरी फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दोन गावांमध्ये अंतर ते किती, एका नदीच्या पात्राएवढं. पण ती दुपार मला आयुष्यातली सर्वांत लांब वाटली. वनिता रडली नाही. पुलाच्या तोंडाशी बसून ती पदराचं टोक पिळत राहिली, आणि मी तिच्या शेजारी, निरुपयोगी.

सांज होताना खेळ थांबला, पूल मोकळा झाला. प्रकाश सावरगावी, घराच्या ओट्यावर बसलेला होता, कपाळाला पट्टी, घोटा सुजून भोपळा, आणि चेहऱ्यावर काहीतरी जिंकून आल्याचं हसू. वनिताने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच खाली बसून ती रडायला लागली. अवघडून तो माझ्याकडे वळला, "भाऊजी, माहा फोटू आला का?"

मी कॅमेरा पुढे केला. दोन्ही काठ आले होते, नदी, पळस, आभाळ, सगळं लख्ख. त्याने स्वतःला शोधण्यासाठी चित्र मोठं केलं, इकडेतिकडे सरकवलं, पण त्याला तो स्वतःच सापडेना. सरकवता सरकवता तो डाव्या कडेपाशी आला आणि थांबला. त्या विस्कटलेल्या, ताणलेल्या पिवळ्या डागाकडे बराच वेळ पाहत राहिला. "हे ताई हाय?" मग अगदी हळू, "तू दगडाईत आली होती?" तिने त्याच्या कपाळावरची पट्टी नीट केली. पुढल्या वर्षी नदीत उतरणार नाही असं तो म्हणाला नाही. पण तो फोटो त्याने आपल्या फोनवर मागून घेतला, आणि त्यानंतर त्याचं हसू परत आलं नाही.

तेव्हा लेन्स घ्या. दाम वाजवी आहे, बांधणी पक्की आहे, बाग तिच्यात सुंदर दिसेल. आजही सकाळी तिची रिंग फिरवली तर तोच गारवा बोटांना लागला, तीच संथ ओढ. फक्त एवढं करा. चौकटीत काही धूसर दिसलं तर काच पुसू नका, कॅमेरा खाली घ्या.